शुल्काचं एक परिपत्रक आणि अर्धा डझन फाइली : मराठी मजकूर सगळ्यांना वाचता यावा म्हणून कोणता फॉरमॅट निवडाल?

महाविद्यालय, ग्रंथालय, पतसंस्था, हाउसिंग सोसायटी, प्रकाशन. यांपैकी कुठेही मराठी मजकुराच्या फाइली करून लोकांना पाठवायचं काम तुमच्या गळ्यात असेल, तर एक ना एक दिवस कुणीतरी कळवतंच, ‘तुमची नोटीस मला वाचता येत नाही.’ कळवणारा बहुधा अंध किंवा अल्पदृष्टी असतो. त्यावर कार्यालयाचं ठरलेलं उत्तर असतं, ‘पीडीएफ दिलीये की!’ आता पीडीएफ दिली म्हणजे नेमकं काय दिलं, हे ती फाइल कशी बनली यावर अवलंबून आहे. आतून तिचे तीन अगदी वेगळे प्रकार असू शकतात आणि बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात.

तुलना हवेत नको म्हणून एकच कागद धरू. कनिष्ठ महाविद्यालयाचं दोन पानी परिपत्रक. वर लेटरहेड, जावक क्रमांक, दिनांक, विषय. मग तीन परिच्छेद. मग परीक्षा शुल्काचा तक्ता, ज्यात ‘नियमित शुल्क’ आणि ‘विलंब शुल्क’ असे रकाने आहेत आणि वर एक लांबलचक जोडलेला रकाना. शेवटी प्राचार्यांची सही आणि तिच्यावरच मारलेला गोल शिक्का.

हा कागद अंध विद्यार्थी वाचतो तो स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरने. विंडोज संगणकावर बहुतेकांकडे एनव्हीडीए असतं. मायकल करन आणि जेम्स तेह या दोन अंध ऑस्ट्रेलियन तरुणांचं हे काम २००६ मध्ये सुरू झालं आणि ते आजही मोफत आहे. अँड्रॉइड फोनवर टॉकबॅक, आयफोनवर व्हॉइसओव्हर. पान दिसायला कसं आहे याच्याशी या सॉफ्टवेअरला काही देणंघेणं नसतं. फाइलमध्ये अक्षरं कोणती, ती कोणत्या क्रमाने, त्यातलं शीर्षक कुठलं, तक्ता कुठला, भाषा कोणती, एवढंच ते फाइलला विचारतं. फाइलने उत्तर दिलं नाही, की वाचन संपलं.

स्कॅन आणि फोटो

पहिला प्रकार सगळ्यात जास्त चालतो आणि सगळ्यात वाईट आहे. परिपत्रक छापलं, सही-शिक्का झाला, स्कॅनरवर ठेवलं आणि पीडीएफ केली. या फाइलमध्ये एकही अक्षर नसतं, असतो तो पानाचा फोटो. एनव्हीडीए उघडताक्षणी सांगतं की दस्तऐवज रिकामा आहे. मोबाइलने फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकला तरी तीच गत. टॉकबॅक ‘फोटो’ एवढंच म्हणतं आणि गप्प बसतं.

यावर ओसीआरचा, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणाऱ्या तंत्राचा, उतारा आहे. गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठी अक्षरओळख होते. टेसरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअरही मराठी ओळखतं. स्वच्छ छपाई आणि सरळ स्कॅन असेल तर परिच्छेद बऱ्यापैकी हाती लागतात. तक्ता मात्र विस्कटतो, शिक्क्याखालचा मजकूर जातो आणि देवनागरी अंकांत १ आणि ९ यांची अदलाबदल होऊ शकते. शुल्काच्या परिपत्रकात अंक चुकला तर उरलं काय? म्हणून ओसीआर हे जुन्या, मूळ फाइल हरवलेल्या कागदांसाठी ठेवा, आणि तेही माणसाने मुद्रितशोधन केल्यावर. आज सकाळी टाइप केलेला कागद छापून, स्कॅन करून, पुन्हा ओसीआरमधून काढणं हा द्राविडी प्राणायाम आहे.

‘पण सही-शिक्का कसा दाखवायचा?’ हा प्रश्न प्रत्येक बैठकीत येतो. त्याचं उत्तर राज्य सरकारच्या शासन निर्णयांतच आहे. ‘हा आदेश डिजिटल स्वाक्षरीने साक्षांकित करून काढण्यात येत आहे’ हे वाक्य त्यांच्या शेवटी असतं. मंत्रालयाला चालतं ते आपल्या कार्यालयाला चालायला हरकत नसावी. डिजिटल स्वाक्षरीचा खर्च नको असेल तर मजकुराची साधी फाइल द्या आणि खाली लिहा, ‘स्वाक्षरित प्रत कार्यालयात पाहण्यास उपलब्ध.’ स्कॅन द्यायचाच असेल तर मजकुराच्या फाइलला जोडून द्या, एकटा नको.

जुन्या फॉन्टातली पीडीएफ

दुसरा प्रकार खास आपल्याकडचा. इंग्रजीत वाचनसुलभतेवर लिहिणाऱ्यांना तो माहीतच नसतो, त्यामुळे त्यांच्या मार्गदर्शिकांत त्यावर औषधही सापडत नाही. कृतीदेव, श्रीलिपी, डीव्हीबी-टीटी सुरेख असे युनिकोडपूर्व (म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक देणारी जागतिक पद्धत येण्याआधीचे) फॉन्ट आजही डीटीपीच्या दुकानांत, छापखान्यांत आणि जुन्या लिपिकांच्या हातात आहेत. या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी अक्षर नसतंच. इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात.

कृतीदेवमध्ये ‘मराठी’ लिहा. पडद्यावर आणि कागदावर स्वच्छ ‘मराठी’ दिसतं. स्क्रीन रीडरला कर्सर नेऊन अक्षरं वाचायला सांगा, तो म्हणतो : ‘ई, जे, के, कॅपिटल बी, एच.’ सलग वाचायला लावलं तर हाच कचरा इंग्रजी शब्द समजून पुटपुटतो. संपूर्ण परिपत्रक असंच. विद्यार्थ्याच्या हाती फाइल आहे, फाइलमध्ये अक्षरं आहेत, अर्थ शून्य.

यातली खरी गोम पुढे आहे. पीडीएफ तपासणारी स्वयंचलित साधनं या फाइलला अक्षरांच्या बाबतीत बिनदिक्कत पास करू शकतात, कारण त्यांच्या दृष्टीने तिथे व्यवस्थित रोमन अक्षरं आहेत. त्या अक्षरांना मराठीत काही अर्थ होतो का, हे साधन तपासत नाही. तेव्हा ठेकेदाराने हिरव्या टिकांचा अहवाल दाखवला म्हणून हुरळून जाऊ नका. पीडीएफमधल्या दोन ओळी कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. मराठी दिसलं तर पुढे बोलू.

जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये नेणारे कन्व्हर्टर मिळतात, बरेचसे मोफत. काम चांगलं करतात, पण रफार, जोडाक्षरं आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्द इथे हमखास घसरतात. शंभर पानांचा अहवाल असेल तर शोधनाला वेळ काढावा लागेल. रोजच्या कामासाठी मात्र रूपांतराच्या फंदात पडण्यापेक्षा टंकलेखनच युनिकोडमध्ये करा. मंगल, निर्मला, कोकिळा हे फॉन्ट विंडोज-ऑफिसच्या जगात ओळखीचे आहेत. मुक्त आणि मोफत हवे असतील तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता आहे, गूगलचा नोटो सॅन्स देवनागरी आहे. ज्यांचा हात जुन्या टाइपरायटरच्या कळपटावर बसलाय त्यांच्यासाठी युनिकोडमध्येही रेमिंग्टन मांडणीचे कीबोर्ड मिळतात. ‘आमच्या मॅडमना इनस्क्रिप्ट (युनिकोडची नेहमीची कीबोर्ड-मांडणी) जमत नाही’ ही सबब त्यामुळे फार टिकत नाही.

युनिकोडची पीडीएफ, टॅगसह

आता तिसरा प्रकार, ज्याला खरं तर ‘वाचता येणारी पीडीएफ’ म्हणता येईल. इथेही मराठीला एक ठेच लागते. पीडीएफ १९९३ मध्ये आली ती पान सगळीकडे सारखं छापलं जावं म्हणून. तिच्यात मुख्यतः नोंदवलेलं असतं ते ‘हा आकार इथे काढ, तो तिथे काढ.’ आकाराचं मूळ अक्षर कोणतं, हे कोष्टक वेगळं जोडावं लागतं. इंग्रजीत एक अक्षर, एक आकार, त्यामुळे भागतं. मराठीत पहिली वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते पण दिसते आधी. रफार उच्चारात आधी, दिसतो शेवटी आणि वर. पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर कच्चं असेल तर ‘विद्यार्थी’ कॉपी केल्यावर ‘िवद्याथीर्’ असं काहीतरी बाहेर पडतं. वाचणारा आवाज तिथे अडखळतो. शिवाय कंट्रोल-एफ करून ‘विद्यार्थी’ शोधलं तर सापडत नाही, आणि हा त्रास डोळस माणसालाही आहेच.

पीडीएफ वर्डमधून काढताना ‘सेव्ह ॲज’ वापरा, ‘प्रिंट टू पीडीएफ’ नको. ‘सेव्ह ॲज’च्या ऑप्शन्समध्ये दस्तऐवजाच्या रचनेचे टॅग, म्हणजे ‘हे शीर्षक, हा तक्ता’ अशा आतल्या नोंदी, ठेवण्याची खूण असते, ती चालू हवी. छपाईच्या वाटेने गेलात की शीर्षकं, याद्या, तक्ते यांची ओळख गळून जाते आणि उरतात नुसत्या ओळी. लिबरऑफिस वापरत असाल तर पीडीएफ एक्स्पोर्टच्या खिडकीत ‘टॅग्ड पीडीएफ’ आणि ‘युनिव्हर्सल ॲक्सेसिबिलिटी’ हे पर्याय आहेत. दुसरा पर्याय पीडीएफ-यूए या वाचनसुलभ पीडीएफच्या मानकाचा, जे आयएसओने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलं. दोन्ही बाबतींत अक्षरं नीट आली का, हे नोटपॅडमध्ये चिकटवून बघायचंच. आवृत्ती बदलली की निकालही बदलतो.

नीट बनवलेल्या टॅगवाल्या पीडीएफमध्ये आपलं परिपत्रक ऐकायला छान लागतं. एच दाबलं की शीर्षकावरून शीर्षकावर उडी, टी दाबलं की थेट शुल्काचा तक्ता, आणि तक्त्यात कंट्रोल-ऑल्ट धरून बाणाने सरकलं की ‘विलंब शुल्क’ हा मथळा रकमेसोबत ऐकू येतो. मग कुरकुर कशाबद्दल? दोन गोष्टींबद्दल. पहिली, दुरुस्ती. पीडीएफमधले टॅग हाताने सुधारायचे तर ॲक्रोबॅट प्रोसारखं विकतचं सॉफ्टवेअर आणि बसायची तयारी लागते. चाळीस पानांच्या अहवालात वाचनक्रम दुरुस्त करणं हे काम कुणी आनंदाने करत नाही. दुसरी, अल्पदृष्टी वाचक. त्याला पान ३०० टक्के मोठं करावं लागतं. पीडीएफचं पान ताठ असतं, मोठं केलं की प्रत्येक ओळीसाठी डावीकडून उजवीकडे सरकवत राहा. फोनवर तर विचारूच नका.

डिजिटल स्वाक्षरी करणाऱ्यांनी एक क्रम पाळावा : आधी टॅग, आधी तपासणी, सही सगळ्यात शेवटी. सहीनंतर फाइलला हात लावला की स्वाक्षरी अवैध दिसू लागते आणि मग कुणीच ती फाइल दुरुस्त करायला धजावत नाही.

वर्ड : नावडती पण गुणी

पीडीएफच्या तुलनेत वर्डची फाइल लोकांना ‘कच्ची’ वाटते. माझ्या मते मात्र दोनचार पानांच्या मराठी कागदासाठी ती पीडीएफपेक्षा सरस आहे. अक्षरं युनिकोडमध्ये जशीच्या तशी असतात, वेलांटी-रफाराची भानगड नाही. अल्पदृष्टी वाचक फॉन्ट मोठा करतो, पार्श्वभूमी काळी करतो, ओळी सुट्या करतो. डिस्लेक्सिया असलेला मुलगा अंतर वाढवून घेतो. ज्याला हाताने पेन धरता येत नाही तो अर्जाचा नमुना त्याच फाइलमध्ये भरून परत पाठवतो. पीडीएफमध्ये छापलेल्या ठिपक्यांच्या रांगेवर त्याने काय करायचं? छापून घ्यायचं आणि दुसऱ्याच्या हातापाया पडायचं.

अट एवढीच की वर्ड वर्डसारखं वापरायला हवं. आपल्याकडे ते टाइपरायटरसारखं वापरलं जातं. ‘विषय’ ठळक केला, आकार सोळा केला, मध्यभागी आणला, आणि झालं शीर्षक. डोळ्यांना ते शीर्षक, स्क्रीन रीडरला नुसता परिच्छेद. त्याऐवजी मजकूर निवडून स्टाइल्समधलं ‘हेडिंग १’ लावा. तेवढाच वेळ लागतो. स्पेसबार दाबून दाबून जुळवलेले रकाने हा तक्ता नव्हे. ‘इन्सर्ट टेबल’ करा, पहिल्या ओळीला मथळ्याची ओळ म्हणून खूण करा, आणि तो वरचा जोडलेला रकाना सरळ काढून टाका. त्यात लिहिलेलं ‘शैक्षणिक वर्ष’ तक्त्याच्या वर एका ओळीत जातं. जोडलेल्या रकान्यांनी तक्ता भारदस्त दिसतो, पण ऐकणाऱ्याला कोणती रक्कम कोणत्या मथळ्याखाली हे लागत नाही. मजकुराच्या चौकटी म्हणजे टेक्स्ट बॉक्स टाळा. महत्त्वाची तारीख हेडर-फूटरमध्ये ठेवू नका, सलग वाचनात ती येत नाही. लोगोला पर्यायी मजकूर द्या, शक्यतो ‘महाविद्यालयाचं बोधचिन्ह’ एवढाच. चार ओळींचं वर्णन ऐकायला कुणाला वेळ नसतो.

आणखी एक बारीक गोष्ट, जी जवळजवळ कुणीच करत नाही. सगळा मजकूर निवडून रिव्ह्यू मेनूतून भाषा ‘मराठी’ ठरवा. भाषेची खूण नसेल किंवा हिंदीची असेल, तर आवाज आपोआप बदलणारा स्क्रीन रीडर हिंदी आवाज उचलतो. देवनागरी लिपी एकच, म्हणून वाचन चालू राहतं, आणि म्हणूनच चूक कुणाच्या लक्षात येत नाही. पण ‘२५ जुलै’ला तो ‘पच्चीस’ म्हणतो. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. आवाज यांत्रिक आहे, पण ‘पंचवीस’ म्हणतो. अँड्रॉइडवर गूगलचा मराठी आवाज त्याहून पुष्कळ बरा. एज ब्राउझरच्या ‘रीड अलाउड’मध्ये आरोही आणि मनोहर नावाचे दोन मराठी आवाज आहेत, कानाला सगळ्यात गोड. त्यांना इंटरनेट लागतं.

त्याच रिव्ह्यू मेनूत ‘चेक ॲक्सेसिबिलिटी’ आहे. पर्यायी मजकूर नसलेली चित्रं, मथळा नसलेले तक्ते ते दाखवून देतं. फिका करडा मजकूरही पकडतं. मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं प्रमाण किमान ४.५ ला १ असावं, असं डब्ल्यूसीएजी हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं.

वर्डविरुद्धचा आक्षेप ठरलेला : ‘कुणी मजकूर बदलला तर?’ ज्याला बदलायचंय तो पीडीएफही बदलतो. तरी मनाला लागून राहिलं असेल तर संपादनावर बंधन घाला किंवा अधिकृत प्रत म्हणून टॅगवाली पीडीएफ आणि वाचण्यासाठी वर्ड, अशी जोडी द्या.

वेबपान

परिपत्रकाचं आयुष्य आठवड्याभराचं असेल तर फाइल करताच कशाला? संस्थेची वेबसाइट आहे, तिच्यावर ‘सूचना’ विभाग आहे, तिथे मजकूर थेट टाका. साधं वेबपान हा सगळ्या फॉरमॅटांत सर्वात कमी भांडणारा प्रकार. डाउनलोड नाही, वेगळं ॲप नाही, फोनच्या रुंदीप्रमाणे ओळी आपोआप मोडतात, अक्षर हवं तेवढं मोठं होतं. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंद असली की आवाजाचाही प्रश्न मिटला. हे काम वेबसाइट बनवणाऱ्याने एकदा करायचं.

अडचण फॉरमॅटमध्ये नाही, वेबसाइटमध्ये आहे. सरकत्या पट्टीत धावणारी ‘महत्त्वाची सूचना’, तिच्याशेजारी लुकलुकणारं ‘नवीन’, आणि क्लिक केलं की पुन्हा स्कॅन केलेली पीडीएफ, हा नमुना तुम्ही पाहिला असेलच. तेव्हा तुमची साइट अशी असेल तर आधी ती दुरुस्त होईपर्यंत वर्डची जोडणी देणं जास्त व्यवहार्य. अर्ज भरून घ्यायचा असेल तर मात्र वेब फॉर्मला पर्याय नाही, फक्त प्रत्येक रकान्याला नाव जोडलेलं हवं आणि चित्रातली वेडीवाकडी अक्षरं ओळखा म्हणणारा कॅप्चा नको.

आणि व्हॉट्सॲप ग्रुपपुरतीच नोटीस असेल तर फोटो न टाकता तोच मजकूर टाइप करून टाका. सोसायटीच्या पाणीकपातीच्या सूचनेसाठी फॉरमॅटची चर्चा करत बसू नये.

ईपब : लांब मजकुरासाठी

ईपब हा ई-पुस्तकांचा फॉरमॅट. दोन पानी परिपत्रकाला तो म्हणजे चटणी-भाकरीसाठी पंगत मांडणं. पण तुम्ही महाविद्यालयाचं वार्षिक नियतकालिक, अभ्यासक्रमाची पुस्तिका, संस्थेचा शंभर पानी अहवाल किंवा पुस्तक काढत असाल तर चित्र पालटतं. ईपब आतून वेबपानांचाच गठ्ठा असतो, त्यामुळे वेबचे सगळे गुण त्यात आहेत. शिवाय अनुक्रमणिका, प्रकरणांवरून उड्या, खुणा ठेवणं आणि छापील आवृत्तीचे पानक्रमांक. वर्गात सर ‘पान ४२ काढा’ म्हणाले तर अंध विद्यार्थीही ४२ वरच जातो. पानक्रमांकांची ही सोय फाइल करतानाच घालावी लागते, प्रकाशकाला आठवण करून द्या.

बनवणं वाटतं तितकं अवघड नाही. सुगम पुस्तकांसाठी काम करणाऱ्या डेझी कन्सोर्शियम या आंतरराष्ट्रीय संस्थेचं ‘वर्ड-टू-ईपब’ मोफत आहे. हेडिंग नीट लावलेल्या वर्डच्या फाइलमधून ते थेट ईपब काढतं. गूगल डॉक्समधूनही डाउनलोड करताना ईपबचा पर्याय येतो. तपासायला त्याच डेझीचं ‘एस’ आहे, वाचायला थोरियम रीडर. तोटा असा की विंडोजवर ईपबवर दोनदा क्लिक केलं तर बहुतेकांकडे काही उघडत नाही आणि लोक ‘फाइल खराब आहे’ म्हणून परत पाठवतात. सोबत कशात उघडायची ही एक ओळ लिहावीच लागते. रुंद तक्तेही फोनवर ईपबमध्ये कोंदटतात.

मराठी प्रकाशकांची खरी अडचण ईपबमध्ये नाहीच. ती जुन्या फॉन्टात, पेजमेकर या जुन्या मांडणी-सॉफ्टवेअरमध्ये लावलेल्या पुस्तकांत अडकली आहे. नव्या पुस्तकाची मांडणी युनिकोडमध्ये आणि परिच्छेदशैली वापरून केली, तर छपाईची पीडीएफ आणि ईपब एकाच मांडणीतून निघतात.

इथे कायद्याचाही संबंध येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये माहिती सुगम स्वरूपात मिळण्याची तरतूद आहे. त्याखालच्या २०१७ च्या नियमांत, वेबसाइटवर ठेवायचे दस्तऐवज ईपब किंवा ओसीआर केलेल्या पीडीएफमध्ये असावेत, असं म्हटलं होतं. ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच नियमांतला नियम १५(१), ज्यात ही तरतूद होती, मूळ कायद्याशी विसंगत ठरवला, कारण कायदा सक्ती सांगतो आणि नियमाने मानकांना नुसत्या शिफारशींवर आणून ठेवलं होतं. एप्रिल २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. तेव्हा ‘ओसीआर केलंय, नियमात बसतं’ या उत्तरावर विसंबून राहण्याचे दिवस गेले.

ग्रंथालयांसाठी आणखी एक. कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ५२(१)(झेडबी) आलं. त्यानुसार दिव्यांग वाचकांसाठी, नफा न कमावता, पुस्तकाची सुगम प्रत करता येते. अंध वाचकांना सुगम पुस्तकं मिळावीत म्हणून झालेल्या २०१३ च्या माराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा पहिला देश. ‘प्रकाशक परवानगी देणार नाही’ म्हणून विद्यार्थ्याला परत पाठवण्याचं कारण उरत नाही. करायला घेण्याआधी २०१६ मध्ये सुरू झालेल्या सुगम्य पुस्तकालयात, म्हणजे सुगम पुस्तकांच्या ऑनलाइन ग्रंथालयात, ते पुस्तक आहे का, हे पाहावं, नाहीतर एकाच पुस्तकाचं स्कॅनिंग तीन गावांत चालू राहतं.

ध्वनी आणि ब्रेल

ध्वनिमुद्रण उतारवयात दृष्टी गेलेल्यांना आवडतं, कारण नवं काही शिकावं लागत नाही. डेझी पद्धतीने केलं तर प्रकरणानुसार उड्याही मारता येतात. पण मजकुराऐवजी ध्वनी देऊ नका. ऐकून शब्दाचं शुद्धलेखन कळत नाही, त्यात शोधता येत नाही, आणि कर्णबधिर-अंध व्यक्तीला त्याचा उपयोग शून्य.

ब्रेल लहान मुलांना वाचायला-लिहायला शिकवताना अटळ आहे. वाचकही आहेत : स्वागत थोरात यांचं ‘स्पर्शज्ञान’ हे मराठी ब्रेल पाक्षिक २००८ पासूनचं आहे. पण प्रत्येक परिपत्रक ब्रेलमध्ये काढण्याचा संकल्प करू नका. मागणी आली की काढा. युनिकोडची स्वच्छ फाइल हाताशी असेल तर सॉफ्टवेअर तिचं भारती ब्रेलमध्ये, म्हणजे भारतीय भाषांच्या ब्रेलमध्ये, रूपांतर करतं. कृतीदेवची फाइल घेऊन गेलात तर ब्रेलमध्येही ‘ई, जे, के’च उमटेल.

कर्णबधिर वाचकाचा या फॉरमॅट-चर्चेत कुणी विचार करत नाही. त्याला पीडीएफ दिसते, अडतं ते ‘उपरोक्त संदर्भीय विषयान्वये सदरहू विद्यार्थ्यांनी’ इथे. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे त्याच्यासाठी हे वाक्य भिंतच. ‘विद्यार्थ्यांनी २५ जुलैपर्यंत शुल्क भरावं’ असं लिहिलं तर त्याचं काम होतं, बाकीच्यांचंही.

मग ठरवायचं कसं?

मी कार्यालयांना सांगतो ते असं. मूळ प्रत नेहमी वर्डमध्ये, युनिकोडमध्ये, हेडिंग लावून. तिथे आळस केला तर पुढचा प्रत्येक फॉरमॅट लंगडा निघतो, आणि तिथे नीट केलं तर वेबपान, टॅगवाली पीडीएफ, ईपब, ब्रेल हे सगळं तिच्यातूनच निघतं. छोटी सूचना असेल तर वेबपान, साइट धड नसेल तर वर्ड. सही किंवा छपाईची मांडणी जपायची असेल तर टॅगवाली पीडीएफ, तिच्या शेजारी वर्ड. तीस-चाळीस पानांच्या पुढे ईपब. पीडीएफ की वर्ड अशी घालमेल होत असेल आणि हाताशी एकच लिपिक असेल, तर पीडीएफवर मेहनत घेण्यापेक्षा वर्डच नीट करा. पीडीएफ दुरुस्त करायला शिकायला महिने जातात, हेडिंग लावायला शिकायला एक दुपार.

गणिताच्या आणि विज्ञानाच्या प्रश्नपत्रिकांना हा नियम थोडा वाकवावा लागतो. समीकरणं चित्र म्हणून चिकटवू नका, वर्डच्या समीकरण-संपादकातच लिहा. त्यातून पीडीएफ काढलीत की समीकरण बहुधा पुन्हा चिन्हांचा ढीग होतं, म्हणून परीक्षेत अंध विद्यार्थ्याला मूळ वर्ड किंवा त्यातून काढलेला ईपबच द्यावा. आकृती असेल तर विषयशिक्षकाकडूनच वर्णन लिहून घ्या. लिपिकाने लिहिलेल्या वर्णनात बहुधा उत्तरच फुटतं, नाहीतर प्रश्नच गायब होतो.

काम बाहेर देणार असाल तर कार्यादेशात ‘दस्तऐवज सुगम्य असावेत’ एवढंच मोघम लिहू नका, ठेकेदार हसतो आणि स्कॅन पाठवतो. असं लिहा : मजकूर युनिकोडमध्ये असावा, कोणत्याही पानावरून कॉपी केलेला परिच्छेद नोटपॅडमध्ये अचूक मराठी दिसावा. शीर्षकं आणि तक्ते यांना शैली व मथळे असावेत. भाषा मराठी नोंदवलेली असावी. पीडीएफसोबत संपादनयोग्य मूळ फाइल द्यावी. आणि देयक मंजूर करण्यापूर्वी एका स्क्रीन रीडर वापरणाऱ्या व्यक्तीकडून, तिला मानधन देऊन, त्यातली कोणतीही पाच पानं तपासून घेतली जातील. हे शेवटचं कलम ठेकेदाराला आवडत नाही. काढून टाका म्हणेल, काढू नका.